मखरामागचं दार

इरा आणि ओम,

हे मराठीत वाचायला तुम्हाला जड जाईल. तुमची आई शेजारी बसून वाचून दाखवील. गेल्या रविवारी फोनवर इरा म्हणाली, की शाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या सुधारणांचा धडा चालू आहे आणि तो कंटाळवाणा आहे. "आजी, दे जस्ट पास्ड अ लॉट ऑफ लॉज." नाशिकच्या कॉलेजात मी तोच धडा आयुष्यभर शिकवला. तरी मी विषय बदलला, कारण त्याचं खरं उत्तर मलाही फार उशिरा, इथे दोहात, तुमच्या अभयमामाच्या मंडळाच्या गणपतीत मिळालं, आणि ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं.

भाद्रपदात इथली संध्याकाळ समुद्राची वाफ अंगावर घेऊन येते. आतल्या गारव्यामुळे काचांना बाहेरून घाम फुटतो आणि पलीकडचे दिवे पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. कंपाउंडच्या, म्हणजे कुंपणाआतल्या आमच्या वसाहतीच्या, क्लबहाउसमध्ये त्या संध्याकाळी ताज्या रंगाचा, उकडीच्या मोदकांचा आणि नव्या साड्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. पूर्वेच्या भिंतीशी पुठ्ठ्याचं भव्य मखर उभं होतं, दोन्ही बाजूंना कमानींचे पंख पसरून. शेजारच्या टेबलावर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती गुरुजींची वाट पाहत होती. मी कौतुकाने मखराच्या मागे डोकावले आणि तिथे मला दार दिसलं.

ते संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं. आडव्या दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलेलं होतं. कारण अगदी घरगुती होतं: मुलं सारखी ते दार उघडत, गारवा बाहेर जाई. आणि आरती करणाऱ्यांचं तोंड पूर्वेला हवं, म्हणून मखर त्याच भिंतीला लागलं होतं. आता सभागृहात येण्याजाण्याला एकच दार उरलं होतं, चपलांच्या ढिगाने अर्धं भरलेलं. थोड्या वेळाने दोनेकशे माणसं येणार होती, त्यांत निम्मी मुलं, आणि हातोहाती कापराची आरती फिरणार होती.

इरा, तुझ्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या त्या शिवणकारखान्याच्या आगीवर एखादा परिच्छेद असेल. वसंतातला शनिवार होता, काम सुटायची वेळ. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या मुली शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे ब्लाउज, शिवत होत्या. कित्येक तुझ्याहून थोड्याच मोठ्या. एका बाजूचं दार कुलूपबंद असे, म्हणजे घरी जाताना प्रत्येकीची पिशवी दुसऱ्या दाराशी तपासता येई. अग्निशामक दलाची शिडी त्यांच्या मजल्यापर्यंत पोचली नाही, आणि जवळजवळ दीडशे जीव गेले. वर्गात हे सांगताना मुली लिहायच्या थांबत. मी मालकांच्या क्रौर्याविषयी बोलत असे. पण त्या संध्याकाळी साखळीवर हात ठेवून उभी असताना मनात आलं, की ते कुलूप लावताना कुणी मरावं असं त्यांच्याही मनात नसेल. त्यांना फक्त व्यवस्था हवी होती, आणि व्यवस्था ही मला आयुष्यभर आवडत आलेली गोष्ट आहे.

मी अभयला बाजूला घेतलं. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात सुरक्षा विभागात आहे. पहाटे कंपनीच्या बसने जातो आणि दिवसभर लोकांना हेच शिकवतो.

"आई, मला दिसलंय ते," तो हळूच म्हणाला. "मी काल बोललो सबनीससाहेबांशी. ते म्हणाले, हे प्लांट नाही, देवाचं काम आहे."

"मग?"

"मग काय. माझा करार याच महिन्यात वाढायचाय. सही त्यांची लागते."

मंडळाचे अध्यक्ष सबनीस प्रकल्पात त्याचे वरिष्ठ होते. इथे नोकरी गेली की घर, व्हिसा, मुलांची शाळा, सगळ्याला एकदमच खलास म्हणतात. तेवढ्यात फडके गुरुजी निघाल्याचा निरोप आला. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवत नाहीत. जे करायचं ते त्याआधी.

त्या काळातल्या अमेरिकेत मताचा हक्क नसलेल्या बायकांनी कायदे कसे बदलले, हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता आणि मी त्याचं उत्तर मुद्देसूद लिहून देत असे. बायका गरिबांच्या वस्त्यांत राहायला गेल्या, त्यांनी कारखाने पाहिले, सभा घेतल्या, साक्षी दिल्या. एका बाईने तर चौकशीला आलेल्या पुढाऱ्याला, सुटकेचा मार्ग म्हणून दाखवलेल्या भोकातून सरपटत बाहेर काढलं आणि बर्फाने माखलेली शिडी त्याच्या डोळ्यांसमोर आणली. मलाही या मंडळात मत नव्हतं. मी कुणाची तरी आई म्हणून आलेली पाहुणी होते.

मी सबनीसांसमोर जाऊन उभी राहिले.

"काकू, प्रसादाचं झालं का सगळं?"

"झालं. तुम्ही जरा त्या पूर्वेच्या दारातून बाहेर जाऊन दाखवता का?"

ते हसले. "अहो, त्याच्यापुढे मखर आहे."

"म्हणूनच."

मोदक वळणाऱ्या बायका हात पुसत बाहेर आल्या. अभय पांढराफटक पडून खांबाशी उभा होता. "काकूंची परीक्षा दिसतेय," म्हणत सबनीस मौजेने मखराच्या मागे शिरले. देह भारदस्त, कमान आणि भिंत यांच्यामध्ये ते अर्ध्यावर अडकले. मुलं खिदळली. "अंकल इज स्टक!" मग साखळी खडखडली, एकदा, पुन्हा एकदा, आणि मखर हलू लागलं, तशी मुलं हसायची थांबली. आतून आवाज आला, "अरे, धरा रे कुणीतरी." त्या आवाजात क्षणभर अध्यक्ष नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा झब्ब्याला सोनेरी रंग लागला होता. त्यांनी माझ्याकडे नाही, अभयकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

"ईशान्येच्या कोपऱ्यात हलवता येईल," अभय म्हणाला. "आरती करणाऱ्यांचं तोंड पूर्वेलाच राहील. फक्त उजवा पंख बसणार नाही."

तो पंख शोभाताईंनी, म्हणजे सबनीसांच्या पत्नीने, शाळेची नोकरी सांभाळून कित्येक आठवडे रंगवला होता. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्या मखरापाशी गेल्या, कमानीवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कटर द्या कुणीतरी. यल्ला, चला लवकर, गुरुजी येतील." कापताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "आणि तुम्ही चावी काढा."

मखर कोपऱ्यात सरकलं आणि सबनीसांनी खिशातून चावी काढली. दार उघडलं तसा दमट, उष्ण वारा आत आला, आणि गारवा गेला म्हणून कुणीही कुरकुर केली नाही.

आरती नीट पार पडली. आग लागली नाही. बहुधा तशीही लागली नसती, आणि म्हणून मी बरोबर होते हे कधीच सिद्ध होणार नाही. अभयचा करार वाढला, पण नेहमीपेक्षा कमी काळासाठी. त्याचं कारण ती संध्याकाळ होती का, हे त्याने मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. इरा, कायदे झाले, एवढंच पुस्तक सांगतं. ते होण्याआधी कुणीतरी कुणाच्या तरी भाकरीवर पाय ठेवून उभं राहिलेलं असतं, आणि बरेचदा ती भाकरी स्वतःची नसते. मी जे केलं ते करायचा मला हक्क होता का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

आता मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी शोभाताई सगळी दारं स्वतः उघडून, बाहेर पाऊल टाकून परत येतात. तोवर गुरुजी संकल्प सोडत नाहीत. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण तो अजून पाळला जातो.