टीव्हीकडे पाठ करून

रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, टीव्ही फक्त आमच्याकडे होता. रविवारी दार उघडंच असायचं. कोण कुणाकडचं, हे विचारायची रीत नव्हती. एक बाई मात्र टीव्हीकडे पाठ करून, आम्हा पोरांकडे तोंड करून बसायची. आम्ही हसलो की हसायची, घाबरलो की पदर दातात धरायची.

"काकू, टीव्ही काहून नाही पाहत?"

"पाहून राहिली ना. तुमच्या तोंडावर."

आईला ती शेजाऱ्यांकडची वाटायची, शेजाऱ्यांना आमच्याकडची.

आता टीव्ही भिंतीवर आहे आणि पाहायला आम्ही मायलेकी दोघीच. परवा कार्टून पाहताना मुलीनं विचारलं, "मम्मी, ये आंटी टीवी की तरफ पीठ करके क्यों बैठी है?"

टीव्हीकडे मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. मी मुलीच्या तोंडाकडेच बघत राहिले.