दादाने चिठ्ठीत लिहिलं, आवाज

माझ्या दादापुढे मी हात टेकलेत. तीस वर्षं नळाचं काम करतोय. भिंतीला कान लावला की आत पाइप कुठे गळतोय ते बरोबर सांगतो. बाकीचे कारागीर अर्धं न्हाणीघर उकरून ठेवतात आणि मग याला बोलावतात. हा येतो, डोळे मिटतो, एका फरशीवर बोट ठेवतो. गळती तिथेच असते. असा कान देवाने दिला, आणि या शहाण्याने देवाला काय द्यावं? गाणं!

आमच्या चर्चमध्ये दर वर्षी चिठ्ठी भरायची असते. देवाने तुम्हाला जे दिलंय, त्यातलं काय त्याच्या सेवेला द्याल? आता स्वतःला चांगलं येतं ते लिहिलं तर लोक म्हणणार, बघा किती गर्व. म्हणून आमची मंडळी भलतंच लिहितात. शिंपीकाका पडदे शिवायचे सोडून दारात स्वागताला उभे राहतात, चेहरा असा की आलेला माणूस तिथूनच परत फिरावा. गणिताच्या बाई फुलदाण्या बघतात. आणि दादाने लिहिलं, आवाज.

गायनमंडळ माझ्याकडे, म्हणजे ताप माझ्याच डोक्याला. सहा वर्षं तो मागच्या रांगेत उभा राहून रेकतोय. सूर लागत नाहीच, आणि चुकून लागला तर दचकून सोडून देतो. वर सगळ्यांच्या आधी हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. अशा माणसाला जा कसं म्हणायचं?

यंदा चर्चला पन्नास वर्षं होणार. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "ताई, बाहेरून पाहुणे येणारेत. तुमच्या भावाचं तेवढं बघा." एवढं बोलून ते वेदीपुढच्या ओल्या फरशीकडे वळले. तिथे तीन महिने पाणी झिरपत होतं आणि समिती सगळी जमीन खणायला निघाली होती. दादाला मी दोनदा सांगून पाहिलं होतं. "तो माझा धंदा आहे गं," म्हणायचा. "धंदा काय देवाला वाहायचा?"

शेवटी मी त्याच्या घरी गेले. ओट्यापाशी बसून तो नळाचे पाने-पकडी पुसत होता. वहिनीने चहा दिला आणि माझं तोंड बघून आत निघून गेली. मी एका दमात बोलून टाकलं. "दादा, तुला सूर लागत नाही. तू गायनमंडळ सोड."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सूर लागत नाही ते. अगं, थेंब पडलेला ऐकू येतो मला, माझा आवाज ऐकू येणार नाही का?"

माझं डोकंच फिरलं. "मग सहा वर्षं कशाला छळलंस सगळ्यांना?"

त्याने पाना खाली ठेवला. "नळाचं काम मला फुकटात मिळालंय. शिकावंसुद्धा लागलं नाही. देवाचंच देवाला परत दिलं, तर त्यात मी काय दिलं? गाताना मात्र लाज वाटते, घाम फुटतो. तेवढं एक माझ्या पदरचं होतं."

"तुझ्या पदरचं त्याने मागितलंय कुठे? जे दिलंय तेच मागतोय तो. चिठ्ठीत तसंच लिहिलंय, नीट वाच." मी अजूनही म्हणते, माझं बरोबर होतं. दादाने पाना उचलला आणि परत पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अवजारं घेऊन चर्चमध्ये आला. आमचा सराव चालू होता. "जरा गप्प बसा सगळे," म्हणाला आणि वेदीपुढे पालथा पडून फरशीला कान लावला. एकच फरशी काढली. तासाभरात काम झालं. पाळकसाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादा नुसता मान हलवत राहिला. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पन्नाशीच्या दिवशी गायनमंडळ असं गायलं की पाहुणे उठून भेटायला आले. जमीन कोरडी ठणठणीत. मग सगळ्या मंडळीने मिळून गायचं गीत आलं. त्यात लहान पोरं गातात, दात नसलेल्या आजी गातात, कोणी कोणाचा सूर बघत नाही. मी दादाकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट घालून खाली बाकांत वहिनीशेजारी उभा होता. हातात गीतांचं पुस्तक उघडलेलं, आणि तोंड मिटलेलं. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत त्याने ओठसुद्धा हलवले नाहीत.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "अरे, हे तर सगळ्यांचं गीत होतं. यात गायला तुला कोणी अडवलं होतं?"

"असू दे गं," तो म्हणाला. "छान झालं आज."