सहाशे वॅटचा डबा

सोळा सोमवारांचं उद्यापन होतं, चतुर्थीचा उपास चंद्र दिसला की सुटतो. आमच्या दुकानातल्या किश्शांना मात्र शेवटच नाही! गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे फोटो काढतात, मुलगी अश्विनी कॉम्प्युटरवर अल्बम करते आणि मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन जाते ती दिवाबत्तीपर्यंत तिथंच रमते. हे किस्से तर एकाच अल्बमचे!

लग्न नार्नूरच्या सरांच्या मुलीचं. रविवारी अल्बम घेऊन ती सासरी निघणार होती. आमचा कॉम्प्युटर दोन पानं झाली की अडकून बसायचा. म्हणून अश्विनीनं ग्राफिक्स कार्ड मागवलं.

कार्ड आलं आणि ह्यांच्या मनात शंकेनं घर केलं. "एकच कॉम्प्युटर हाय. तुझ्या कार्डानं जळला तं रविवारी सरांच्या हाती काय देऊ? राख?"

*

"आधी पॉवर सप्लायला झेपते का ते पाहू, बाबा," म्हणून अश्विनीनं कॅलेंडरच्या पाठीवर वॅटची बेरीज मांडली. प्रोसेसर, कार्ड, पंखे, हार्ड डिस्क. "चारशेचा तरी पाहिजे."

ह्यांनी चष्मा वर केला. "चारशे? घरचा मिक्सर पाचशेचा हाय! काम्पुटर का चटणी वाटून राह्यला?"

"तुमच्या चटणीपेक्षा बारीक काम हाय, बाबा!"

*

मग कॅबिनेट उघडलं. देवघरातल्या मऊ फडक्यानं मीच धूळ पुसली. आतल्या पॉवर सप्लायवर हे मोठ्ठे आकडे, ४५०!

"पाहा! उगीच घाबरवून राह्यली पोरगी," हे म्हणाले.

अश्विनीनं मोबाइलचा टॉर्च खालच्या बारीक अक्षरांवर धरला. "मोठे आकडे सोडा. कार्ड बारा व्होल्टवर चालते, आन् तिथं लिवलं हाय दहा अँपिअर. बारा दाहे एकशेवीस! यात कार्डाचंच पोट भरत नाही."

मला आमच्या भजनी मंडळातल्या कमळाबाई आठवल्या. एकादशीला त्या सगळ्यांना सांगत फिरतात, "माहा निर्जळी हाय." एकदा मी त्यांना चहाचा कप तोंडाला लावलेला पाहिला. "अवं कमळाबाई, हे काय?"

"निर्जळीच हाय! पाण्याचा थेंब नाही यात, निव्वळ दुधाचा हाय!"

*

शनिवारी तिघं आदिलाबादला गेलो. हाताशी एकच दिवस. दुकानदार शेठनं काउंटरवर पॉवर सप्लायचा डबा आपटला. "छह सौ वॉट, माताजी! घोड़ा है, घोड़ा!"

अश्विनीला घोड्याचा भरवसा येईना. "चांगला पॉवर सप्लाय जड असते, आई. हलका असला तं आत माल नाही समजायचं." शेजारीच भाजीवाली बसली होती. तिच्या काट्यावर डबा चढवला. पावणेदोन किलो!

भाजीवाली म्हणाली, "ताई, वांग्याच्या काट्यावर बसला म्हणजे पावभर वांगी तं घ्याच, फुकट तोललं तं मला पाप लागन!"

हे खूश. "झालं समाधान? काढा बिल!"

*

आता माझी खोड ऐका. दर सोमवारी मी आदिलाबादच्या बाजारात नारळ घेते, पण कानाशी धरून हलवल्याशिवाय कधी घेतला नाही. शेठनं डबा हातात दिला आणि सवयीनं तो माझ्या कानाशी गेला.

खड् खड्!

शेठ हसला. "माताजी, नारियल नहीं है!"

"नारळात पाणी वाजते भाऊ, दर सोमवारी ऐकते मी. हे दगडावानी काऊन वाजून राह्यलं?"

अश्विनीनं पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. झाकण निघालं. आत लोखंडाचा एक तुकडा टेपमधून सुटून मोकळा फिरत होता!

शेठनं तो उचलून पाहिला. "ये... बैलेंस के लिए होता है."

शेठ आत गेला, दुसरा डबा घेऊन आला. माझ्याकडे बघितलं, स्वतःच कानाशी धरून हलवला. थोडा वेळ ऐकलं. मग गुपचूप आत ठेवून तिसरा आणला!

तिसरा गप्प होता. काट्यावरही भरला, बारीक अक्षरांतही भरला. घरी येऊन अश्विनीनं जोडला. मी कॉम्प्युटरपुढं उदबत्ती लावली, हे मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले ते अल्बमचं शेवटचं पान होईपर्यंत. रविवारी सरांनी अल्बम छातीशी धरून नेला.

मला वाटलं, शेठ आता आमचं तोंडही पाहणार नाही.

मागच्या आठवड्यात त्याचाच फोन! आवाज अगदी हळू.

"माताजी, सोमवार को नारियल लेने आते हो ना? नया माल आया है... दो मिनट कान लगा देते?"