निरंक

पठारावरच्या पवनचक्क्यांचा वॉचमन माझं डोकं फिरवतो. पात्यांना धडकून मेलेले पक्षी मोजायला मी दर महिन्याला वर जातो, आणि याच्या रजिस्टरात ‘मृत पक्षी’ या रकान्यात कायम ‘निरंक’. मेलेली घार मात्र तो हळुवार उचलून पुरतो, वर दगड ठेवतो. केबिनमागं अशा दगडांची रांगच लागलीय.

काल मी चिडलोच. “मग हे दगड कसले?”

“आवं सायेब, लिवलं म्हनून ह्ये पवनचक्कीचं पंखं हितनं हलणार हायती व्हय? कंपनीवालं मलाच हलिवत्याल.”

मग त्यानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. “तुमीच लिवा. आज दोन हायती.”

मी पेन उघडलं, त्याच्याकडं पाहिलं आणि लिहिलं, ‘निरंक’.

अक्षर तेवढं त्याच्यापेक्षा चांगलं आलं.