जुना पेशंट, नवा केसपेपर

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं बारदानाचं दुकान होतं. बारदान म्हणजे रिकामी पोती. भरलेल्या पोत्याला सगळे विचारतात, रिकाम्याला कोणी विचारत नाही, आणि मी त्याच रिकाम्या पोत्यांवर घर बांधलं. पिंगळीहून आलो तेव्हा बसायला दुसऱ्याच्या दुकानाची पायरी होती. हे सांगायचं कारण एवढंच, की मी पहिल्या भावाला हो म्हणत नाही. कुठेच नाही, दवाखान्यातसुद्धा नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली तपासणी, वर खाटा. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न सुटायच्या बेतात होता त्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, थंड हवेचं मशीन लावलं, आणि आत जाताना चपला काढायचा नियम केला. पेशंट बाहेर घामाघूम.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, याला काय ताप आलाय का?"

"शेठ, हे नवीन शास्त्र आहे. आरोग्याचं माहितीशास्त्र म्हणा. पेशंटला मागं काय झालं, काय दिलं, काय मानवलं, ते सगळं यात ठेवायचं. पेशंट समोर आला की तेही समोर आलं पाहिजे. औषध लिहायच्या आधी."

"म्हणजे तुमच्या ध्यानात राहत न्हाई म्हणून."

"माझ्या राहील हो. मी गावाला गेलो आणि माझ्या जागी दुसरा बसला, तर त्याच्या ध्यानात कुठून येणार?"

बोलणं बरोबर होतं. मी तसं म्हटलं नाही. समोरच्याला बरोबर म्हटलं की त्याचा भाव चढतो.

पुढच्या वर्षी बायकोच्या तळहातात दाभण घुसलं. दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई. फाटकी पोती घरी यायची आणि बायको शिवायची. तिनं हळद दाबली आणि काम चालू ठेवलं. दोन दिवसांनी हात मनगटापर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला, तेव्हा मला कळलं. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात पाहिला, आत पू झालाय म्हणाले, विष वर चढायला नको, लगेच इंजेक्शन सुरू करू. तिला विचारलं, "कुठलं औषध मानवत नाही असं काही आहे का?" तिनं मान हलवली. नाही. तिला वर नेलं आणि मला केसपेपर काढायला खाली पाठवलं.

काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर एक बाई बसत. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी बटणं दाबली.

"नवीन पेशंट आहे. नवा केसपेपर लागेल."

नव्याचा दर जुन्याच्या दुप्पट होता.

"नवीन कशाची? मागच्या साली घसा धरला तवा इथंच आली होती. जुनी हाय."

"मशीनमध्ये नाही, काका."

"मग मशीनला नीट शोधायला सांगा."

"नाव नाही तर काय शोधणार? आणि चपला बाहेर काढा."

"चपला काढतो. जुना केसपेपर करा."

मागे रांग लागली होती. एक जण म्हणाला, "द्या की हो शेठ, घरात पेशंट हाय." मी त्याला सांगितलं, पेशंट माझा हाय, तुमी गप बसा. बाई म्हणाल्या, मी डॉक्टरांना बोलावते. मी म्हणालो, बोलवा, त्यांनीच सांगितलं होतं की मागचं सगळं यात हाय. आता म्हणायलेत, पेशंटच न्हाई. मग यात हाय तरी काय, हवा?

माझा आवाज गल्लीत जातो. मोंढ्यात वाढलेला आवाज आहे. तो ऐकून शेजारच्या बाई आल्या. त्यांचे मालक तहसीलमध्ये कारकून. मागच्या वर्षी मी पोती घ्यायला जालन्याला गेलो होतो आणि बंदामुळे गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा बायकोला दवाखान्यात यांनीच आणलं होतं.

"ताई, हे खरं बोलायलेत," त्या म्हणाल्या. "मी होते सोबत. नाव मीच सांगितलं."

"पेशंटनं स्वतः का नाही सांगितलं?"

"नवऱ्याचं नाव कसं घेतील त्या? माझ्याकडं बघितलं, म्हणून मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"बारदानवाले. दुसरं काय? यांना आणखी एक आडनाव हाय हे मला आज कळायलंय."

रांगेतले हसले. बाईंनी बटणं दाबली. मी काचेला टेकून उभा राहिलो. मशीन थोडा वेळ थांबलं, मग हिरवी अक्षरं आली. बायकोचं नाव, बारदानवाले, गल्ली, घसा.

"बघा," मी म्हणालो. "आता जुना करा."

खुर्ची रिकामी होती. बाई अनवाणी जिना चढत होत्या.

मी मागोमाग वर गेलो. सिस्टर कापूस फिरवून सुई हातात घेऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांचा हात धरला. मागच्या वेळच्या नोंदीत लिहिलं होतं, पेनिसिलिन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, रात्रभर ठेवून घेतलं, पुन्हा देऊ नये. सिस्टरच्या हातात पेनिसिलिनच होतं. पुन्हा दिलं असतं तर या वेळी कदाचित सकाळ उजाडली नसती, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

त्या वेळी ते स्टुलावर बसले आणि बायकोला म्हणाले, "मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"औषधाचं न्हाईच झालं ते," ती म्हणाली. "तवा तुमी गावाला गेले होते. तुमच्या खुर्चीत दुसरे होते. त्यांच्या हाताला गुण न्हाई. तुमच्या हाताला हाय."

गुणवान हातानं डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन लिहिलं.

"आणि मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी त्यांच्याशी भांडायला गेले असते."

गेलो असतो, यात प्रश्नच नाही.

"आज तरी काय करायलेत?" ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

हात बरा व्हायला वेळ लागला. चीर द्यावी लागली, पण बोटं सगळी वळतात. तिला घरी सोडलं त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, तुमच्या मशीनमध्ये एक खण वाढवा. लोक ज्या नावानं ओळखतात ते नाव. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, शेजारीण जे म्हणेल ते लिहिलं जातं. कागदावरचं नाव फक्त तलाठ्याला ठाऊक असतं. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे. मी म्हणालो, मग आमच्या घराला कायम जुना दर. ते म्हणाले, बघू. आजपर्यंत बघतायत.

पुढे गावातल्या डॉक्टरांचा एक मेळावा झाला. आमच्या डॉक्टरांचं भाषण होतं आणि आम्हा दोघांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी सगळं छान समजावून सांगितलं. माहिती नुसती साठवून उपयोग नाही, ज्याची आहे त्याच्याशी तिची गाठ पडली पाहिजे, आणि सुई टोचायच्या आधी पडली पाहिजे. मग आमचा किस्सा सांगितला. "त्या दिवशी कॉम्प्युटरनं एक जीव वाचवला." टाळ्या पडल्या. "त्यानंतर आम्ही ओळखीच्या नावाचा एक खण वाढवला." पुन्हा टाळ्या.

कॉम्प्युटरनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, नवीन पेशंट आहे. मी पहिल्या भावाला हो म्हटलं असतं, केसपेपर घेऊन गुमान वर गेलो असतो, तर ती अक्षरं अजूनही थंड हवेत बसून राहिली असती. शेजारच्या बाईंना तर मेळाव्याचं बोलावणंही नव्हतं. हे मी उभं राहून सांगणार होतो. शब्द तयार होते, आवाज तयार होता.

पण बायकोनं माझा सदरा मागून धरून ठेवला होता. दाभण लागलं होतं त्याच हातानं. मी दोनदा उठून पाहिलं. पकड चांगलीच होती.