न बसलेली स्टेपनी

गेरलॉफ झाइलस्ट्राने सारी उमर नेदरलँड्समधल्या स्नेक गावाजवळच्या कालव्यावरचा पूल उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली. पूल वर गेला की रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या, खाली आला की होड्या थांबायच्या. सगळ्यांना थांबवणारा माणूस म्हणून गावात त्याचा एक दबदबा होता आणि तो त्याला आवडायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेतली. ती गाडीमागे जोडून बायकोला, आउक्येला, घेऊन फिरायचं, एवढंच आता करायचं होतं.

शेजारचे हार्मेन आणि त्याची बायको निंके गेली कित्येक वर्षं कॅराव्हॅन घेऊन हिंडत होते. त्या वसंतात चौघांनी मिळून जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी जायचं ठरवलं. हार्मेन म्हणाला, "तुझ्या कॅराव्हॅनला स्टेपनी नाही. चल, दुकानात जाऊ."

दुकानदाराने साधेच प्रश्न विचारले. टायरवर काय आकडे आहेत? बोल्टांची भोकं किती, एकमेकांपासून किती लांब? भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन किती? गेरलॉफला यातलं एकही सांगता येईना. खरं तर घरी जाऊन बघून आला असता तर काही बिघडलं नसतं. पण हार्मेन शेजारी उभा होता, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि गेरलॉफचे कान तापले.

"राहू दे," तो म्हणाला. "घरी आहे माझ्याकडे एक. विसरलोच होतो."

घरी होतं ते त्याच्या विकून टाकलेल्या निळ्या गाडीचं चाक. शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडलेलं. नक्षी अजून ठळक होती. त्याने ते धुतलं, पुसलं आणि कॅराव्हॅनच्या पोटाखालच्या कप्प्यात सरकवलं.

आउक्ये कपडे वाळत घालता घालता बघत होती. "एकदा लावून तरी बघ की रे. जॅक आहे, पाना आहे, दहा मिनिटांचं काम."

"चाक ते चाक. गोल आहे ना?"

"गोल तर माझं चीजही असतं."

कुंपणापलीकडे हार्मेन झुडपं छाटत होता. त्याच्या देखत चाक लावून बघायचं म्हणजे आपल्याला खात्री नाही असं कबूल करायचं. गेरलॉफने कप्प्याला कुलूप घातलं आणि हात झटकले.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला ते निघाले. जर्मनीत आयफेलच्या डोंगराचा चढ लागला आणि मागून धाडकन आवाज झाला. कॅराव्हॅन डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागली. आउक्येने एका हाताने दार धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याचा गुडघा. कशीबशी गाडी कडेला उभी राहिली. डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या.

मागून येणारा हार्मेनही थांबला. बायका पिवळी जाकिटं घालून कठड्यापलीकडे गेल्या. गेरलॉफने जॅक लावला, फाटलेलं चाक काढलं, पोटाखालून निळ्या गाडीचं चाक ओढून काढलं आणि बसवायला गेला. एका भोकात बोल्ट गेला. दुसरं भोक बोटभर लांब. त्याने चाक फिरवलं, परत फिरवलं. बाजूने ट्रक गेले की कॅराव्हॅन थरथरायची. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

हार्मेन वाकून म्हणाला, "अरे, हे गाडीचं चाक आहे. कॅराव्हॅनला बसायचं नाही. आणि बसलं असतं तरी एवढं वजन पेललं नसतं. कुणी निवडलं हे?"

गेरलॉफ गुडघ्यावरच होता. वर न बघता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आउक्येने. मी म्हणत होतो लावून बघू. पण ती ऐकते का कुणाचं!"

आउक्ये चार पावलांवर उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, रागाने नाही, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग थर्मासचं झाकण उघडलं, हार्मेनला कॉफी दिली, निंकेला दिली, आणि थर्मास बंद करून टाकला.

मदतीच्या गाडीने कॅराव्हॅन उचलून खालच्या गावातल्या टायरवाल्याच्या अंगणात नेऊन ठेवली. सुट्टीमुळे दुकान बंद होतं, म्हणून रात्र तिथेच काढायची ठरली. हार्मेन आणि निंके पुढे गेले. जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी बसून गेरलॉफ आणि आउक्येने वाटाण्याचं सूप घेतलं.

सूप संपल्यावर गेरलॉफ म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं. चाक मीच निवडलं."

"मला कशाला सांगतोस?" आउक्ये वाटी पुसत म्हणाली. "मला माहीतच आहे."

सकाळी दुकान उघडताच तीच आत गेली. टायरवाल्याला बाहेर आणून फाटक्या टायरवरचे आकडे दाखवले, भोकं मोजायला लावली, कॅराव्हॅनवर ठोकलेली वजनाची पट्टी दाखवली. सारखी दोन चाकं काढून घेतली, एक लावायला आणि एक स्टेपनी. दुसरंही तिने एकदा चढवून, बोल्ट आवळून, मगच उतरवू दिलं. गेरलॉफ पाना धरून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

मोझेलकाठी पोचले तर कॅराव्हॅनच्या तळावर उतरलेल्या डच मंडळींना गोष्ट आधीच कळलेली. "काय आउक्ये, नवरा निवडताना तरी लावून बघितला होतास का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, आउक्येही हसली. दुसऱ्या दिवशी भांडी घासायच्या ओट्याशी पुन्हा तेच. प्रत्येक हशाला गेरलॉफ तिथून काढता पाय घ्यायचा. हार्मेनला खरं सांगायचं म्हणून तो दोनदा निघाला, आणि दोन्ही वेळा नदीवरच्या बोटींबद्दल बोलून परत आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हार्मेन एकटाच खुर्चीत बसलेला दिसला. गेरलॉफ उभ्या उभ्याच म्हणाला, "ते चाक आउक्येने नव्हतं निवडलं. मी खोटं बोललो."

हार्मेनने चष्मा काढला. "दुकानात 'घरी आहे' म्हणालास तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. निळ्या गाडीचं चाकही ओळखतो मी. मला काय आउक्येने सांगायला हवं होतं?"

"मग तिथे बोलला का नाहीस?"

"म्हटलं, स्वतःच बोलशील."

गेरलॉफ आपल्या कॅराव्हॅनपाशी परतला. आउक्ये पायरीवर बटाटे सोलत बसली होती.

"सांगितलं हार्मेनला," तो म्हणाला. "त्याला माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत आहे, गेरलॉफ. निंकेने पहिल्याच संध्याकाळी खरं काय ते सांगितलं होतं."

"मग ते तुला का हसत होते?"

"मला नव्हते हसत," आउक्ये म्हणाली. "तू काय करतोस ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत उभं राहण्याची पाळी त्याची होती. तो गेला. सगळ्यांनी नेहमीसारखं "सुप्रभात" म्हटलं, एकाने हवेबद्दल विचारलं, चाकाचं नावही कुणी काढलं नाही. कुणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. पाव घेऊन तो मान खाली घालून, तंबूंच्या मागच्या वाटेने, लांबून परतला.