फादर भैयांचं साधं राहणं

साधेपणानं राहण्यासाठी इतके कष्ट घेतलेला आणि त्यात इतका सपशेल नापास झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जवळजवळ वर्षभर तो आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहिला. हॉलंडमधल्या कुठल्याशा लहान गावातल्या चर्चनं त्याला जयपूरला पाठवलं होतं. झोटवाड्याच्या पुढे, कारखान्यांतल्या मजुरांच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. तिथे इंग्रजी शिकवायचं, गळके नळ दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी मुलांबरोबर फुटबॉल खेळायचा, एवढं त्याचं मिशन. वय चोवीस, उंची आमच्या दाराच्या चौकटीपेक्षा जास्त आणि चेहरा नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याला 'फादर' करून टाकलं. त्यानं हात जोडून पुस्तकातल्या हिंदीत सांगितलं, "मैं फादर नहीं हूँ। मैं केवल आप सबका एक भाई हूँ।" गल्लीनं त्याचा मान राखला आणि त्या दिवसापासून त्याला 'फादर भैया' म्हणायला सुरुवात केली.

खोली बघायला आला तेव्हाच त्यानं कूलर काढायला सांगितला. मग गादी काढायला सांगितली. का, तर त्याला गरिबांबरोबर गरिबांसारखं राहायचं होतं. माझे यजमान विमा कंपनीत. बदलीवर जयपूरला आलो ते इथेच घर बांधून राहिलो, त्यामुळे इथला उन्हाळा मला पाठ आहे. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, इथले गरीब कूलरसाठी हप्ते भरतात. कूलर काढून तू त्यांच्यासारखा होणार नाहीस, आजारी पडशील." तो गोड हसला. एप्रिल संपता संपता त्यानं तो कूलर स्वतःच्या खांद्यावरून जिना चढवून वर नेला. मी खालून वायर धरली. गादी त्याच्या आधीच वर गेली होती.

त्याच्या घरची रीत त्यानं एकदा मोठ्या अभिमानानं सांगितली. दुपारी पावाचे दोन तुकडे आणि चीज. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट, आणि मग डब्याला झाकण. आम्हाला वाटलं, सांगण्याची पद्धत असेल. पण त्यानं आम्हाला वर चहाला बोलावलं तेव्हा खरोखर डबा उघडला, आमच्यापुढे धरला, आम्ही एकेक बिस्किट घेतलं, आणि त्यानं झाकण लावून डबा फळीवर ठेवला. माझे यजमान चहा संपेपर्यंत त्या फळीकडे बघत होते. जिना उतरताना मला म्हणाले, "अगं, माझ्या सासुरवाडीलाही एवढी काटकसर नव्हती." मी म्हटलं, "तुम्ही दुसरं मागायचं होतं." "झाकण इतकं घट्ट लावलं त्यानं, धीर नाही झाला."

त्यांच्याकडे वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. यांच्या वाढदिवसाला तो खाली आला, यांचा हात हातात घेतला, मग माझा घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "आंटीजी, आपके पति के जन्मदिन की आपको बहुत-बहुत बधाई।" इतकी वर्षं यांच्याबरोबर काढल्याबद्दल माझं अभिनंदन करणारा तो पहिलाच. मी त्याला शिऱ्याची दुसरी वाटी दिली. त्यानं ती घेतली, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

त्याला पाठवताना चर्चमध्ये दोन नियम शिकवले होते. एक, साधं राहा. दोन, यजमानानं प्रेमानं वाढलेलं कधी नाकारू नका. हे दोन्ही नियम करणारा गृहस्थ राजस्थानात कधी आला नसावा. इथे मनुहार असते. आपल्याकडे पंगतीत आग्रह करतात त्याचा हा थोरला भाऊ. पाहुणा ताटावर आडवा पडून 'बस' म्हणत नाही तोवर वाढत राहायचं, अशी ती रीत. आता वाढणारा थांबणार नाही आणि जेवणारा नाही म्हणणार नाही, म्हटल्यावर त्या जेवणाला शेवट कुठून येणार?

आमच्या समोर भाभीसा राहतात. सुभेदारसाहेबांच्या पत्नी. दोन मुलगे, दोघंही दुबईला. स्वयंपाक मात्र अजून चौघांचा होतो, कारण भाभीसांना दोघांपुरती कणीक मळताच येत नाही. त्यांनी फादर भैयाला दाल-बाटी खायला बोलावलं. संध्याकाळी तो परत आला तो जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसला. रंग बटाट्याचा राहिला नव्हता, दुधी भोपळ्याचा झाला होता.

"आंटीजी, एक बात पूछूँ? भाभीसा सचमुच मर जातीं क्या?"

"का? काय झालं त्यांना?"

"उन्होंने कहा, एक बाटी और न लूँ तो उनका मरा हुआ मुँह देखूँ।"

मी त्याला सांगितलं की भाभीसा हे वाक्य दुधवाल्यालाही ऐकवतात. त्याला ते पटलं नाही. त्याच्या धर्मात शपथ ही फार मोठी गोष्ट. एका बाटीनं जर एक जीव वाचत असेल, तर आपण मागेपुढे बघणं बरं दिसत नाही, असा त्यानं विचार केला होता. भाभीसांचा जीव त्या दुपारी बऱ्याच वेळा धोक्यात आला होता असं दिसलं.

मग मी त्याला नाही म्हणायला शिकवलं. रिकामं ताट पुढे ठेवून सराव घेतला. हात असा आडवा धर, मान अशी हलव, 'पेट भर गया' म्हण. हात जमला, मान जमली, पण वाक्यावर तो अडला. "पर पेट भरा न हो तो झूठ कैसे बोलूँ?" मुद्दा बरोबर होता. एवढा उंच मुलगा, रोज फुटबॉल खेळणारा, त्याला खरंच भूक असायची.

पितृपक्षात माझ्या सासूबाईंचं श्राद्ध आलं. जयपुरात मराठी घरांना गुरुजी मिळणं कठीण, आणि त्या पंधरवड्यात तर आमचे गुरुजी स्कूटरवरून एका पितरांकडून दुसऱ्या पितरांकडे नुसते धावत असतात. विधी त्यांनी नीट केला. पान वाढायला घेतलं तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, पोटात जागा नाही. सकाळपासून दोन घरची खीर झाली. दुसरं कोणी बघा."

हे म्हणाले, "वर आहे की एक."

"अहो, तो ख्रिश्चन आहे!"

"आईला त्याचं काय? ताटात कोणी टाकलं की तिला राग यायचा. हा टाकत नाही."

गुरुजींनी विचारलं, "दारू पितो का?" नाही. "मांस?" या घरात नाही. "लग्न झालंय?" नाही. गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा सोवळा आहे. बसवा."

मी वर जाऊन त्याला सगळं खरं सांगितलं. फसवून जेवायला बसवणं मला जमलं नसतं. तो म्हणाला, "मैं उनकी आत्मा के लिए नहीं खा सकता, मेरा विश्वास अलग है। पर आपके लिए खा सकता हूँ।" मी म्हटलं, "ज्याच्यासाठी खायचं त्याच्यासाठी खा, पण वडे गरम आहेत तोवर चल." त्यानं पान असं स्वच्छ केलं की सासूबाई असत्या तर त्यांना पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकात खोड काढायला जागा मिळाली नसती. ही बातमी मराठी घरांत पसरली. बँकेतल्या एका साहेबांकडून बोलावणं आलं, मग लष्करी वसाहतीतल्या एका कर्नलीणबाईंकडून आलं. हॉलंडच्या चर्चनं सेवेसाठी पाठवलेला मुलगा सर्वपित्रीपर्यंत लोकांच्या आजेसासऱ्यांच्या नावानं जेवत होता.

हे सगळं तो इमानदारीनं फोटो काढून घरी पाठवत असे. प्रत्येक फोटोत ताट, आणि ताटामागे दर महिन्याला थोडा अधिक रुंद झालेला फादर भैया. दुसरं वर्ष द्यायचं की परत बोलवायचं, हे चर्च ठरवणार होतं. त्याला राहायचं होतं. वसतिगृहातली मोठी मुलं दहावीला होती आणि त्यांचं इंग्रजी नुकतं कुठे रुळावर येत होतं. "अभी तो मैंने कुछ किया ही नहीं," तो म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याचं तोंड चक्क उतरायचं. चर्चनं एक बाई पाहणीला येणार असं कळवलं, तेव्हा तो त्या रात्री जेवला नाही. आमच्या घरी अशी घटना प्रथमच घडली.

मी गल्लीत घरोघर जाऊन बजावलं: बाई येतील त्या दिवशी फादर भैयाला कोणी काही द्यायचं नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. सगळ्यांना पटलं. प्रत्येकानं सांगितलं की बरं झालं आलात, बाकीच्यांना जरा समजवा.

बाई आल्या. सडसडीत, पिकलेले केस, पाठीवर पिशवी. दहा वाजेपर्यंत सगळं शांत होतं. मग भाभीसा ताट घेऊन अंगणात आल्या. गट्ट्याची भाजी, पुऱ्या, चुरमा. मी डोळे वटारले. त्या म्हणाल्या, "फादर भैया के लिए थोड़े ही है! यो तो मैडमजी के वास्ते है।" आणि ताट बाईंपुढे केलं.

बाईंना चर्चचा तो दुसरा नियम कोणी शिकवला नसावा. त्या हसून म्हणाल्या, "नो, थँक यू." भाभीसांनी ताट आणखी पुढे केलं. बाई पुन्हा तेवढ्याच सभ्यपणे "नो" म्हणाल्या. भाभीसांच्या आयुष्यात 'नाही' म्हणून खरंच न घेणारं माणूस आलंच नव्हतं. पदर नीट करत त्या ताटासकट मागे वळल्या.

फादर भैया लाल झाला. त्यानं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवून 'नको' म्हणत होते. तो सरळ उठला, भाभीसांच्या हातातून ताट घेतलं, बाईंच्या देखत पायरीवर बसला आणि जेवायला लागला.

नंतर बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, हा इथे साधेपणानं राहतो का? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, फार प्रयत्न करतो, आम्ही होऊ देत नाही. मग त्यांनी विचारलं, या गल्लीत तो नेमकं काय करतो? मी म्हटलं, "जेवतो. इथल्या बऱ्याच घरांत भांडी मोठी आहेत आणि खाणारी मुलं लांब गेली आहेत." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

निरोप आला तो असा: दुसरं वर्ष मंजूर. मात्र राहायचं वसतिगृहात, जेवायचं मुलांच्या पंगतीत, आणि बाहेर कुठेही काही खायचं नाही. त्याला हवं होतं ते साधं राहणं अखेर त्याला मिळालं. बॅग घेऊन खाली आला तेव्हा तो आनंदात होता, आणि रडतही होता. भाभीसांनी डबा भरून आणला होता. तो त्यांनी परत नेला.

पुढच्या रविवारी दुपारी तो भेटायला आला. हे एका लग्नासाठी पुण्याला गेले होते. मी पाणी दिलं. पाण्याला बंदी नव्हती. तो बसला, मी बसले. आणि बोलायला काहीच सुचेना. माझ्या लक्षात आलं, वर्षभर आमचं सगळं बोलणं 'घे' आणि 'अजून घे' यावरच चाललं होतं. पंखा फिरत होता. त्यानं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला, आणि म्हणाला, "आंटीजी, आज आपने क्या खाया?"

हे मला किती वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आठवेना. मी म्हटलं, "कालचा भात होता. दह्याबरोबर. ओट्याशी उभ्यानंच."

"बस? इतना ही?"

तो उठला आणि न विचारता स्वयंपाकघरात गेला. डबे शोधल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा बशीत पावाचे दोन तुकडे होते. बशी त्यानं टेबलावर ठेवली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि समोर बसून राहिला. लोणी फारच लावलं होतं. मी बसून, सावकाश, दोन्ही खाल्ले.